हिरव्या पाण्याचा एक थेंब

…आणि वर लोक मलाच विचारतात, तू तिथे करत काय होतास, नुसता उभा? नुसता! तुम्हाला सांगतो, सकाळी साडेनऊपासून मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा, हातात व्हॉल्वच्या खोलीची किल्ली, तीही घामानं निसरडी झालेली, आणि साहेबांचा हुकूम असा की आतल्या बाईंनी 'बंद' म्हटलं की जिना उतरून खाली पळायचं आणि अख्ख्या गावाचं पाणी तोडायचं… आणि बाई काही बोलायलाच तयार नाहीत! मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या. समोर काय? एक थेंब. तुम्हाला सांगतो, एक थेंब!

झालं होतं काय, की तीन दिवस वाऱ्याचं नाव नाही, ऊन मी म्हणत होतं, आणि सकाळी मी मोठ्या टाकीवर गेलो तर पाणी हिरवंगार. काल तळ दिसत होता, आज कुणी रंगाचा डबा उपडा केल्यासारखं. वीस वर्षं व्हॉल्व फिरवतोय, पण असं पाणी कधी बघितलं नव्हतं. बाटली भरून घेतली, आणि शहाणपणा बघा माझा, नमुना खराब होऊ नये म्हणून ती बर्फाच्या पेटीत घालून नेली. (हा शहाणपणा पुढे किती महागात पडणार होता ते सांगतोच.)

साहेब फोनवर. त्यांचा आवाज असा नाकातून येतो… "हिरवं आहे ना? मग विषारीच. बंद करा." दहा मिनिटांनी परत फोन. "दवाखान्यातून विचारणा आलीय. अकराला त्यांची टाकी भरायची असते. बाई म्हणेपर्यंत बंद करू नका. पण काही झालं तर जबाबदारी तुमची." म्हणजे बंदही करायचं, सुरूही ठेवायचं, आणि साहेबांनी फक्त फोन ठेवायचा. याला म्हणतात अधिकारी!

दवाखान्यात डायलिसिसची चार माणसं बसून होती. त्यांचं रक्त मशीनमधून धुऊन घ्यायचं, त्याला पाणी आपलं. पाणी तोडलं तर मशीन बंद, आणि त्या चौघांचे आधीच दोन दिवस मशीनविना गेलेले. पाणी सोडलं आणि त्यात विष निघालं, तर ते थेट रक्तात. दवाखान्याची गाळणी असते म्हणा, पण बाईंना तिच्यावर भरवसा ठेवायचा नव्हता. म्हणजे अकरा वाजेपर्यंत कुणीतरी छातीठोक सांगायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आमच्या बाई. किडकिडीत, चष्मा कायम केसांत खोचलेला, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणार.

मी आपला विचारून बसलो, "बाई, हिरवं ते हिरवं, त्यात बघायचं काय एवढं?" तर डोळा न काढता त्यांनी सांगितलं, आणि त्या दिवशी मला कळलं की हिरव्यातही दोन घराणी असतात. एक खरं हिरवं शेवाळ. एका पेशीचा जीव, पण संसार पुरता: मधे केंद्रक, भोवती हिरवा पेला, त्यात उन्हावर आपलं अन्न शिजवायचं, उरलं ते स्टार्च करून साठवायचं. काहींना पुढे दोन बारीक शेपट्या, त्या मारत उजेडाकडे पोहायचं, आणि उजेड कुठंय ते कळायला अंगावर एक तांबडा ठिपका. कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुसरं घराणं निळं-हिरवं. दिसायला सख्खा भाऊ, पण जातीनं जंतू. त्यातल्या काहींच्या पोटात विष, आणि ते उकळून जात नाही. बरं, औषध टाकून मारावं, तर मरताना फुटतात आणि विष पाण्यात सोडून जातात. आता हा साधा की तो विषारी, हे ठरवायचं कशावरून? एका थेंबावरून. तुम्हाला सांगतो, एक थेंब!

बाई म्हणाल्या, "गोळे आहेत. पेशींचे गोळे. पण हलत नाहीत."

न हलणारे गोळे म्हणजे दुसरं घराणं असू शकतं, एवढं माझ्याही डोक्यात आता शिरलं होतं. किल्ली मुठीत घट्ट धरली. दहा वाजून वीस मिनिटं. तेवढ्यात बाईंचा स्वतःचा फोन वाजला. त्यांचा धाकटा भाऊ. खोली एवढी गप्प होती की पलीकडचं मला स्पष्ट ऐकू आलं. "ताई, नर्स विचारतेय. आईला मशीनवर घेऊ द्यायचं का?"

तुम्हाला सांगतो, तेव्हा कुठे मला कळलं. त्या चौघांत बाईंची आई होती. सकाळपासून एक अवाक्षर नाही! मी असतो तर? मी असतो तर काय केलं असतं ते मलाच ठाऊक नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "थांब. अकराला सांगते." फोन उलटा ठेवला, आणि मला विचारलं, "बाटली कुठे ठेवली होती?"

"बर्फात," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं… काय सांगू, शिव्या परवडल्या असत्या. "गारठलेत ते," म्हणाल्या. "काखेत धरा."

म्हणून मी, एका काखेत हिरव्या पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात गावाची किल्ली, असा उभा. बाईंनी तोवर दुसऱ्या थेंबात आयोडीन सोडलं. स्टार्च असेल तर काळंनिळं होतं म्हणे. झालं! प्रत्येक पेशीत काळानिळा ठिपका. मी म्हटलं, सुटलो. पण बाई हलेनात. "हे साधे आहेत," म्हणाल्या, "पण यांच्यात दुसरा कुणी लपलाय का ते बघायला हवं." आणि काच इकडून तिकडे, बोटाच्या टोकाएवढी जागा, कण न् कण. पहिली काच, दुसरी काच, तिसरी. साहेबांचा फोन वाजतोय, वाजतोय… कुणी उचलावा?

दहा बावन्न. काखेतली बाटली कोमट झालेली. बाईंनी नवा थेंब घेतला, बघितलं, आणि खुर्ची सरकवून म्हणाल्या, "बघा."

मी डोळा लावला. हिरव्या दाण्यांचे चेंडू, एकेकात सोळा दाणे, आणि ते चेंडू गडगडत निघालेले. धक्का नाही, उतार नाही, आपल्या आपण, सगळे दिव्याच्या बाजूला! वीस वर्षं मी हे पाणी सोडतोय, आणि त्यात कोण राहतं ते मला माहीत नव्हतं.

पण बाईंनी मला उठवलं आणि परत स्वतः बसल्या. आणखी सहा मिनिटं. तेच, एक थेंब, तुम्हाला सांगतो, एक थेंब! दहा अठ्ठावन्नला साहेबांचा फोन त्यांनी उचलला. "खरं हिरवं शेवाळ आहे. दुसरं काही नाही. पाणी सुरू ठेवा, सही माझी." मग भावाला, "बसव तिला मशीनवर." आवाज नेहमीसारखा होता. पण सही करून झाल्यावर पेनाचं टोपण काही बसेना, शेवटी मी लावून दिलं.

त्यानंतर दुपारभर वाळूच्या गाळण्या धुतल्या, कारण शेवाळ साधं असलं तरी गाळणी तुंबवायला तेवढं पुरतं. धुतल्या कुणी? नुसत्या उभ्या असलेल्या माणसानं! तिसऱ्या दिवशी मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, बाईंचंच वाक्य, फक्त चार पानांत.

पण थेंब बघितला त्याच दिवशी संध्याकाळी मी बाईंना स्कूटरवर दवाखान्यात सोडायला गेलो. आई पलंगावर उशीला टेकून, चेहरा उतरलेला पण बरा. भावानं झाला प्रकार सगळा सांगितला, अगदी रंगवून. म्हातारीनं नीट ऐकून घेतलं, लेकीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "दीड तास एका थेंबाकडे बघत बसलीस? आणि ऑफिसचं काम?"

बाईंनी चष्मा केसांतून काढला, पुसला. म्हणाल्या, "उद्या करीन, आई."