घरच्या भट्टीतला हार

माझं माहेर विट्याच्या अंगाला, सासरबी तितलंच, पर संसार सगळा तमिळ मुलखात झाला, का तर आमचं मालक गलाईवालं. गलाई म्हंजी सराफ जुनं मोडीचं सोनं आनून देत्यात, ते मुशीत घालून भट्टीत वितळवायचं, कचरा जाळून चोख सोनं काडून द्यायचं. आमच्या भागातली मानसं ह्या धंद्यापायी सगळ्या देशात पांगल्यात. बाजारात दुकान, खाली भट्टी, वर आमी. आमची पोरगी वैशू तिथंच झाली, ती मराठीपरास तमिळच झ्याक बोलायची. धूर लय व्हायचा, पर पोट भरायचं, आन वरचं उरलं की मालक सोनंच करायचं, वैशूच्या लग्नाचं म्हनून. बँक न्हाई का काय न्हाई.

काय सांगू तुमाला, लॉकडाऊन लागलं आन बाजारच बंद. भट्टी गार, भाडं चालू. दुकानं उघडली तवर सराफांनी मोठ्या मशीनवाल्याला काम दिल्यालं. मालकांचा चुलतभाऊ म्हनला, दादा, सोनं नुसतं पडून काय करतंय, शेअर बाजार बघा कसा वर चाललाय, माझं दुप्पट झालं. मालकांनी लय दिवस मनावर घेतलं न्हाई. मग एकदा म्हनलं, काड बांगड्या, वैशूचा हारबी आन.

आवं, आमच्यात रीत व्हती, घरचा डागिना घरच्या भट्टीत घालायचा न्हाई. सासऱ्यांनी कवा घातला न्हाई. मी म्हनलं, दुसऱ्याकडं द्या की वितळवायला. तर म्हनलं, दुसऱ्याचा काय भरवसा. आन सोताच पेटवली भट्टी. मी बसून बघितलं. हार मुशीत जरा वेळ हारासारखा दिसला, मग न्हाई दिसला. मला वाटलं रडू येईल, ते आलंच न्हाई.

सोनं इकून पैसं शेअर बाजारात घातलं, आदी वाढलं बी. मग कुठं लांब लढाई लागली म्हनं, मोबाईलवर सगळं लाल. मालक घाबरलं, असंल त्या भावात काडून घेतलं, निम्मंबी हाताला आलं न्हाई. आन सोनं तवापासनं चढतंयच, चढतंयच, आता आमच्यासारख्यानं तिकडं बघायचं बी न्हाई. दुकान सोडलं, गावाकडं आलो. मालक शिरवळला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन हायत, सुट्टीला येत्यात. मला कोनाचा राग येत न्हाई. त्या चुलतभावाचाबी न्हाई, मालकांचाबी न्हाई. जेवायचं, भांडी घासायची, झोपायचं.

आता वैशूचं लगीन ठरलंय. मानसं चांगली, काय मागितलं न्हाई त्यांनी. पर पोरगी मांडवात मोकळ्या गळ्यानं कशी उभी करायची, म्हनून सांगलीतनं एक ग्रॅमचा हार आनला, आत पितळ, वरनं सोन्याचा मुलामा. परवा मालक आलं तवा तिनं तो घातला आन त्यांच्याफुडं उभी ऱ्हायली. म्हनली, आबा, बघा की, खऱ्यासारखा दिसतोय का? मालकांनी हार नुसता बोटावर उचलून बघितला. जल्मभर सोनं पारखल्यालं मानूस. म्हनलं, खराच हाय, बाळा.

मी भाकरी थापत व्हते, तशीच थापत ऱ्हायले. सुखानं नांदू दे पोरगी, आनि काय.