घरची केस

...लिहा ना, 'कुटुंबवत्सल पिता' लिहा, मी कुठे नको म्हणतेय? शोकसभेत सगळेच वकील कुटुंबवत्सल असतात – जिवंतपणी कोर्टात सापडतात आणि मेल्यावर कुटुंबात. अहो, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय डुगडुगतो – बाबांनी मुद्दाम दुरुस्त केला नाही, म्हणायचे, अशील डळमळीत बसला की खरं बोलतो. इकडे बसा. तर उद्याच्या भाषणासाठी तुम्हाला एखादी हृद्य आठवण हवी. मुलीच्या तोंडून. हृद्य!

आमच्याकडे जेवण नसायचं हो, सुनावणी असायची. 'दूध कुणी सांडलं?' असं साधं सरळ बाबा विचारतील? छे! 'दूध सांडलं त्या वेळी तू ओट्यापासून किती अंतरावर होतीस?' – मी सात वर्षांची! 'गोष्ट नको सांगूस, हो की नाही एवढंच सांग.' आई म्हणायची, अहो, पोर आहे ती – तर तिला, 'तुला अजून साक्षीला बोलावलेलं नाही.' आणि आई हसायची. तीस वर्षं हसली बिचारी, हसून हसूनच दमली असेल.

माया? होती की. माया नव्हती असं कोण म्हणतंय? रोज सकाळी माझ्या शाळेच्या बुटांना स्वतः पॉलिश करायचे, आपल्या बुटांच्या आधी. मला ताप आला की उशाशी बसून खटल्याचे कागद वाचायचे – पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून बोट ओलं करून, हळूच. पण शाळेत पाऊल? स्नेहसंमेलन म्हणू नका, बक्षीस समारंभ म्हणू नका – बाबांची तारीख! कायम तारीख. आले ते एकदाच. मी आठवीत होते तेव्हा. आणि आले ते काळा कोट घालून, थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत.

झालं काय होतं – इतिहासाच्या पेपरला जमिनीवर एक चिठ्ठी सापडली. सनावळ्यांची. माझा बाक आणि माझ्या मैत्रिणीचा बाक, त्यांच्या बरोब्बर मधे. पर्यवेक्षक सर म्हणाले, वकिलांच्या मुलीच्या हातातून पडली, मी पाहिली. संपलं! माझी तर पाचावर धारण. बाबा बसले, कोटाची बटणं सोडली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, 'सर, तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला वाटलं?' सर म्हणाले, पाहिलं. 'किती अंतरावरून?' चार बाकांवरून. 'चष्मा आहे ना तुम्हाला?' आहे. 'मग आज तो कुठेय?' – आणि सरांचा हात आपोआप नाकाकडे गेला हो! चष्मा काड्या बदलायला टाकलेला, चार दिवस झाले होते. काय सांगू, असली उलटतपासणी तुमच्या कोर्टात नसेल झाली. बाई म्हणाल्या, मग चिठ्ठी त्या दुसऱ्या मुलीची म्हणायची का? बाबा उठले, बटणं लावली. 'तो माझा प्रश्न नाही, बाई.'

त्या दुसऱ्या मुलीचा बापही आला होता. ट्रक चालवायचा, कामावरून तसाच आलेला, दारापाशी उभा. त्याला कुणी बस म्हणालं नाही. तो एवढंच म्हणाला, 'माझी मुलगी असं करणार नाही.' बस्. पुरावा काय, तर बापाचा शब्द! असला पुरावा टिकतो होय कुठे? तिला नापास केलं, शाळेतून नाव कमी केलं. घरी येताना मी म्हटलं, बाबा, मला काही सांगायचंय – त्यांनी नुसता हात वर केला. 'निकाल लागलाय.' झालं. पुन्हा चाळीस वर्षं त्या विषयाला तोंड नाही.

ती? इथेच असते, मागच्या रस्त्याला. कपडे शिवते. वीस वर्षं झाली, मी ब्लाउज तिच्याचकडे शिवून घेते. पहिल्यांदा गेले तेव्हा ओळखलं तिने, तोंडात टाचण्या धरून माप घेत म्हणाली, 'बाबा कसे आहेत तुझे? फार हुशार माणूस.' माझी बाही दर वेळी अर्धा इंच आखूड करते. दर वेळी! मी तशीच घालते, मुकाट्याने. हसताय काय?

मग आता शेवटी, दवाखान्यात. नळ्याबिळ्या लावलेल्या, आवाज पार बसलेला. मी पायांना तेल चोळत होते. एकदम म्हणाले, 'ती चिठ्ठी तुझी होती?' विचार करा, चाळीस वर्षांनी! मी म्हटलं, हो. म्हणाले, 'माहीत होतं मला. अक्षर डावीकडे कललेलं होतं. तुम्हा दोघींत डावखुरी तू एकटीच.' चिठ्ठी टेबलावरच पडली होती हो, सगळ्यांच्या समोर – त्यांनी सरांना चष्म्यावर अडकवून ठेवलं, चिठ्ठीकडे कुणाला बघूच दिलं नाही. म्हटलं, मग आज विचारलंत कशाला? म्हणाले, 'तू माझ्याशी तरी खरं बोलतेस का, ते बघायचं होतं.' मग विचारलं, ती मुलगी काय करते. सांगितलं. बाहीचंही सांगितलं. इतके हसले, इतके हसले, की नर्स धावत आली. आणि हसता हसता रडायला लागले. बाबांना रडताना मी कधी – म्हणाले, 'त्याने नुसतं म्हटलं, माझी मुलगी असं करणार नाही. मला नाही म्हणता आलं ते.'

मग डोळे पुसून, आवाज पुन्हा वकिलाचा करून म्हणाले, 'हे बाहेर कुणाजवळ बोलायचं नाही. कळलं?' मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी गेले.

आणि मी... थांबा. तुम्ही हे लिहून घेतलंत? सगळं? द्या ते पान इकडे. द्या म्हणते ना! – हं. तुमच्या सभेत काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा, वकील आहात ना? या आता. जिन्यात दिवा नाहीये, कठडा धरून उतरा.