ग्राहक क्रमांक लिहायचा राहिला

मंडळी, जैबूनभाभी, साजिद, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले कारखान्यातले माझे भाऊ,

बसून घ्या. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. हसन असता तर त्याने तुम्हाला हाताला धरून बसवलं असतं.

मी मास्तर, म्हणून मला बोलायला सांगितलं. मास्तरला बोलता येतं असा लोकांचा समज असतो. आज येत नाही. घरून चार चांगल्या ओळी लिहून आणल्या होत्या. त्या खिशातच राहू देत. माझ्या चांगल्या ओळींनी एकदा काय केलं, ते सांगायला मी उभा आहे.

हसन आणि मी याच शाळेत एका बाकावर बसायचो. शाळा सुटली की त्याच्या वडिलांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात. तिथे लूमच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलत. आम्ही दोघं मात्र धावत्या धोट्याच्या ठेक्यावर शाळेतल्या कविता म्हणायचो, गळा फुटेस्तोवर. वृत्तं मला वर्गात कळलीच नाहीत. तिथे कळली. हसन शब्द विसरला की नुसते ओठ हलवायचा. मी पकडलं की म्हणायचा, 'तुला ऐकू कुठं येतंय? ओठांवर हाय ना, बस झालं.'

तो कारखाना पुढे हसनचा झाला. चोवीस लूम, दोन शिफ्ट, दहा माणसं. कांड्यांवर सूत भरणाऱ्या बाया वेगळ्या. मग विजेचा दर चढत गेला. कापडाचा भाव जागचा हलेना. हसनने आधी एक शिफ्ट बंद केली. मग निम्म्या लूम. पण लूम थांबवली तरी बिल थांबत नाही, स्थिर आकार येतच राहतो. 'मास्तर, पंखा बंद करून बसलो तरी वाऱ्याचं बिल येतंय,' असं म्हणून तो हसला होता. माणसं मात्र त्याने काढली नाहीत. पाळीपाळीने दिवस वाटून दिले.

तेव्हा सवलतीच्या दरासाठी अर्ज करायचा होता. मुदत ठरलेली. हसन माझ्याकडे आला. म्हणाला, 'तू लिही. तुझ्या हातात सरस्वती हाय.'

मी लिहिला. तीन पानं. त्या ठेक्यावर आम्ही वृत्तं कशी शिकलो ते लिहिलं. लूम थांबली की गल्लीतलं तान्हं मूल दचकून उठतं, ते लिहिलं. लिहिताना माझेच डोळे भरून आले. हसन शेवटच्या दिवशी तो अर्ज घेऊन गेला आणि संध्याकाळी पेढे घेऊन आला. 'साहेबांनी मोठ्यानं वाचला, मास्तर. सगळी टेबलं थांबली.'

मंडळी, ते पेढे मी खाल्ले.

त्याला माती दिली, त्यानंतर चार दिवसांनी त्याच्या मुलाने, साजिदने, मला उरलेली गोष्ट सांगितली. साहेबांनी अर्ज खरोखर मोठ्याने वाचला होता. मग विचारलं, ग्राहक क्रमांक कुठे आहे? मंजूर भार किती? तीन पानांत मी हसनचं बालपण लिहिलं होतं. ग्राहक क्रमांक लिहिला नव्हता. हसन बिल आणायला घरी धावला. परत पोहोचला तेव्हा खिडकी बंद. पुढची संधी आली, तोवर पूर्ण दराची बिलं येऊन गेली होती. लूम भंगारात गेल्या. वजनावर.

त्याने हे मला का सांगितलं नाही? मी समजत होतो, अर्ज वरच कुठेतरी अडकला. रोज संध्याकाळी तर माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. रोज म्हणायचा, एखादी कविता म्हण.

साजिद मला म्हणाला, 'सर, नंबर असता तरी वर्षभरच निघालं असतं.' असेल. पण रामजतनला विचारा, वर्ष म्हणजे काय. रामजतन, तू मागे उभा आहेस. न बघता तुटलेला धागा जोडणारे तुझे हात आज राहनाळच्या गोदामात खोकी उचलतात. परवा मी विचारलं, कसं चाललंय? तू म्हणालास, 'मास्तरजी, गोदाम में सुनाई बहुत देता है.' आज सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी होती.

आपल्या गल्लीची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कुणी गेलं की जनाजा असो, तिरडी असो, ती पुढे जाईपर्यंत सगळे कारखाने लूम थांबवतात. माझ्या लहानपणी ते थांबणं अंगावर यायचं. हसनच्या वेळी थांबवायला चारच कारखाने उरले होते. रोज सकाळी रिकाम्या कारखान्याचं शटर उघडायला जाणारा माणूस, शटरपाशीच गेला. आणि त्याच्यासाठी गल्ली नीट शांतही होऊ शकली नाही. ती आधीच शांत होती.

मघाशी शेजारच्या अनंतशेठने निरोप पाठवला, सभेपुरत्या लूम बंद करू का? मी म्हटलं, नको. आज नको. तो खिडकीतून येणारा आवाज त्यांचाच.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. लूम चालू राहू देत. ज्याला हसनला काही सांगायचं असेल, त्याने नुसते ओठ हलवावेत. त्याला कळेल. मी कविता म्हणणार नाही. त्याचा ग्राहक क्रमांक म्हणणार आहे. बारा आकडी आहे. आता पाठ झाला आहे.

उठा, मंडळी.