फटफटीची खांदेमळणी

अभिमनची फटफटी जळगावहून धुळ्याला वाटेत एकदाही न थांबता पोचली. पण जणू काही घडलंच नाही, अशा चेहऱ्याने तो आणि त्याची थोरली बहीण सुंदरबाई धुळ्याच्या कचेरीत रांगेत उभे होते. दोघांच्याही केसांत कडबा होता. मागे उभा असलेला रतिलाल स्वतःचं काम विसरून ऐकत होता.

"अक्का, पैज काय होती? वाटेत एकदा जरी थांबली, तर भंगारात. थांबली का?"

"नाही रे बाबा. पारोळ्याला चहा म्हणून ओरडले, तरी नाही."

"मग फटफटी आता घरातच राहणार!"

"राहू दे. पण कडब्याच्या गंजीत का घातलीस?"

"पैजेपायी वाटभर ब्रेकला पाय लावला नाही. इथे लावला, तर लागेना. पोळ्याआधी बठ्ठी, अगदी सगळी साफ केली होती मी!"

"आणि पोळ्याला बैलांचे खांदे मळले, तेव्हा मी हिलाही मळलं. जनावरच शे ना ते? हळद आणि लोणी."

"ब्रेकला?"

"जिथे घासतं, तिथेच मळतात भाऊ."

"अक्का! म्हणजे वाटेत ब्रेक दाबला असता, तरी ती थांबली नसती! पैज तूच जिंकून दिलीस मला!"

खिडकीतून कारकून खेकसला, "गंजी साहेबांच्या घोड्यांची होती. काय म्हणणं आहे?"

अभिमनने छाती पुढे काढली. "लिहून घ्या. अर्जदारास आजच जळगावी परतणे असल्याने, सदर गंजी सरकारी खर्चाने जळगावच्या नाक्यावर अर्जदाराच्या आधी पोचवून रचून ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."