तोतयाला कुणी विचारलं?

मंडळी, ऐका! साक्षीदार गप्प राहिला, तर दोष कुणाचा? त्याचा, की न विचारणाऱ्याचा? थांबा — एवढ्यात माना डोलवू नका!

आजऱ्याची एक मुलगी, शर्वाणी मुळीक. कोल्हापुरात वेबसाइट बनवते. तिच्याकडं डायलिसिस केंद्राचं काम आलं — पेशंटनं घरबसल्या वेळ ठरवायची. अन् नोंद होताना बिघाड झाला, तर? त्यासाठी तिनं स्वतःचा लॉगर घडवला. लॉगर म्हणजे काय हो? नोंदी ठेवणारा चित्रगुप्त! पण हिचा चित्रगुप्त भारी — लिहायचाच, शिवाय केंद्रातल्या सिस्टरला मेसेज धाडायचा, ‘अमक्याची वेळ अडकली, बघा!’

मग सुरू झाल्या टेस्ट. टेस्ट म्हणजे तालीम! हिनं मुद्दाम बिघाड केला — आणि तिकडं खऱ्याखुऱ्या सुमन सिस्टरचा फोन ठणाणा! तिनं लगेच शर्वाणीला फोन लावला, "अगं बाई, पेशंट अडकला म्हणतीस, हितं तर कोण बी न्हाई!" बरोबरच आहे! तालमीत खानाचा कोथळा खरंच काढतात का?

तेव्हा शर्वाणीनं तालमीपुरता तोतया लॉगर बसवला. नाव तेच, पोशाख तोच, पण मेसेज कुणाला जात नाही. टेस्ट चालवल्या — सगळं हिरवंगार, म्हणजे पास! उद्या सकाळी साइट सुरू व्हायची.

दुपार कलली होती. पंखा संथ फिरत होता. पडद्यावरच्या हिरव्या खुणा आजऱ्याच्या भातासारख्या डुलायला लागल्या... डुलता डुलता तिची पापणी मिटली. आणि दृष्टांत झाला! कोण आलं? देव? छे हो, तोतया! धुक्यातनं आला, बांधावर टेकला, पाय पाण्यात सोडून बसला.

शर्वाणी म्हणाली, "काय रे, बिघाड झाला तेव्हा तुला काय निरोप आला?"

"मला? काहीच नाही, ताई."

"मग बोलला का नाहीस?"

तो हसला. "तुम्ही विचारलंत कुठं?"

खडबडून जागी झाली! टेस्टमध्ये विचारणा घातली — तोतयाला निरोप पोचला का, पेशंटच्या नावासकट? चालवली... लाल! तोतया बसवताना कोडची साफसफाई केली, तेव्हा लॉगरला निरोप देणारी ओळच तिच्या हातून पुसली गेली होती. उद्या एखादी म्हातारी रिक्षा करून येणार, बिघाडामुळं तिची वेळ नोंदलेलीच नसणार — आणि सिस्टरला त्याचा पत्ता नाही! तिनं ओळ परत घातली. टेस्ट हिरवी झाली, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

मंडळी, आपल्या घरी सून गप्प, कोपऱ्यातला बाप गप्प. आपण खूश — तक्रार नाही, सगळं छान! अरे, विचारलंस कधी? आज घरी जा, त्या गप्प माणसापाशी बसा. म्हणा, "तुला काय सलतंय?" त्याचं सगळं ऐकून घ्या. विठ्ठलाचं नाव मग घ्या — आधी नको! तो थांबेल!