इंजिनिअरबाईंचा केक

हॅलो?… अगं ओब्दुलिया, तू!… हो, हो, वाढदिवस आहे म्हणून जगते शंभर वर्षं… पण शिकागोहून भरदिवसा फोन? तुझी ती लाँड्रीतली मॅनेजर, चेटकीण, कुठे गेलीय?… जेवायला? एकटीच?… बरं.

मी? केबिनमध्ये… आणला ना, केक आणला. तीन दुधांचा, वर पीच… नाही गं, तोंड कुठलं माखतंय! अगं ऐक ना. मागच्या वर्षी मी बुटांच्या शिलाईखात्यात सुपरवायझर होते, तेव्हा "चावा घे, चावा घे" करत चौघींनी रिवाजाप्रमाणे मुंडकं धरून केकात दाबलं होतं की नाही? चष्मा केकातून उपसावा लागला… हो, कानात क्रीम! यंदा मॅनेजर झाले, तर काटा, बशी आणि घडी घातलेला रुमाल.

"चावा घे" ओरडले की. हळूच. चर्चमध्ये "आमेन" म्हणतात तसे… मी तयार होते गं! चष्मा काढला, कानातली काढली, वाकले… वाकूनच राहिले… कोणी पुढे येईना. शेवटी शिलाईखात्यातली मेर्सेदितास मला विचारते, "इंजिनिअरबाई, काही पडलं का?"… हसू नकोस… बरं, हस.

माझ्या आधीच्या मॅनेजरला, एव्हारिस्तोला? दर वर्षी दाबायचे! मिशीला आठवडाभर व्हॅनिलाचा वास. दहावीही पास नव्हता, सगळे "अरे एव्हारिस्तो" म्हणायचे. मी रात्रीच्या वर्गांना जाऊन इंजिनिअरची पदवी घेतली, तर… काय? माझा स्वभाव? अगं, स्वभावाची कंपनीने परीक्षाच घेतलीय. ठामपणात त्याला जेवढे गुण, तेवढेच मला. त्याच्या खाली शेरा, "जन्मजात नेता". त्याच्या त्या शेऱ्याची फ्रेम अजून इथंच टांगलीय. माझ्या खाली, "जरा हसत जावे"… हसते ना! सोल सुटलेले बूट परत पाठवतानासुद्धा हसते. त्या हसण्यानं सगळे जास्तच घाबरतात.

रडत नाहीये. चष्मा घातला नाही, म्हणून आवाज तसा येतोय…

काय? एकटीनेच घेऊ चावा?… तू ओरडणार? तिथं लाँड्रीत?… वेडी आहेस. बरं, थांब… फोन केकाशेजारी ठेवला. वाकले. हं, ओरड…

काय झालं?… आली? चेटकीण आली?… बरं, पळ, पळ… ओब्दुलिया, एक मिनिट! तिचा वाढदिवस कधी असतो गं?… म्हणजे? इतकी वर्षं तिथे आहेस, आणि कोणालाच माहीत नाही?… मग विचार ना तिला. आत्ताच विचार… हॅलो?… हॅलो?