आठशे चौदा, आठशे सोळा

कोलशेतच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर साठीच्या दोघी.

"बायजा, जिंकलो! क्रूझवर आपल्या बाल्कन्या चिकटून!"

"अगं कुंदा, कालपण चिकटूनच होत्या ना? आठशे चौदा, आठशे पंधरा."

"कसल्या! बोटीत सम नंबर एका बाजूला, विषम दुसऱ्या. तू पार पलीकडच्या समुद्रावर गेलेलीस! एजंटसमोर ठाण मांडून बसले, सोळा काढायला लावला."

"आणि दोन बाल्कन्यांच्या मधली फळी?"

"उघडून देणारेत. लेखी घेतलंय."

"चाळ पाडली, आपण लांब गेलो, तेव्हापासून तुझी वाटी माझ्याकडेच आहे गं. बारा वर्षं."

"रिकामी कशी देणार होतीस!"

"लाडू भरून बॅगेत पहिली तीच ठेवते."

"पण बाल्कनीतूनच दे हं. दारातून आणलीस तर घेणार नाही."